ओढ्यापाशी मी पकडले गेले होते

समीरराव, ओढ्यापाशी मी पकडले गेले होते. हे आधी सांगून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि नेमकं हेच राहून जाईल. सात महिने ते तसंच राहिलं, आणि मग तुम्हीच राहिला नाहीत.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी वंदूनं तुमच्यावर लिहिलं आहे. कुठे जन्मलात, काय शिकलात, शिकागोच्या ऑफिसात किती वर्षं काढलीत, सगळं. माझ्याकडेही तिनं चार ओळी मागितल्या. सासूनं जावयाबद्दल चांगलं लिहावं, एवढीच माझ्या लेकीची अपेक्षा. तुमच्याबद्दल चांगलं लिहायला माझी ना नाही. पण मी चौथी शिकलेली बाई. सजवून लिहायला मला येत नाही, आणि जे लिहायचं आहे ते माझ्याबद्दल चांगलं नाही.

तुम्हाला ठाऊक असलेलंही सांगावं लागेल, कारण मंडळातल्या कुणालाच ते ठाऊक नाही. मीच कळू दिलं नाही. कुणी विचारलं, "काय हो, जावई शनिवारी कधी दिसत नाहीत?" तर मी म्हणायचे, "ऑफिसचं काम असतं." पन्नाशीचा माणूस डोक्यावर लोखंडी टोप घालतो, टेप गुंडाळलेली वेताची तलवार घेतो आणि दीड तास गाडी चालवून कुणाच्या तरी शेतावर जुन्या काळातली लुटुपुटूची लढाई खेळतो, हे चारचौघांत सांगायची मला लाज वाटायची. घरात मी त्याला तमाशा म्हणायचे. तुमच्या तोंडावरही म्हटलं होतं. तुम्ही हसलात आणि टोप पुसत बसलात.

शिकागोजवळ नेपरव्हिलला तुमच्याकडे आले तेव्हा मला वाटलं होतं, जावयाच्या घरात दिवस काढायचे म्हणजे खाली मान घालून राहायचं. तुम्ही मला पहिल्याच दिवशी "आई, तू चहा घेणार का?" म्हणालात. तुमचा जन्म इथला. तुमच्या मराठीत मोठ्यांना म्हणायचं 'तुम्ही' आलंच नव्हतं. वंदू दुरुस्त करायला निघाली, तर मीच म्हटलं, राहू दे. मी मात्र शेवटपर्यंत 'समीरराव, तुम्ही' सोडलं नाही. तुम्ही म्हणायचात, "आई, तू 'तुम्ही' म्हटलंस की मला वाटतं माझ्या मागे कोणीतरी उभं आहे."

पुढे तो कचऱ्याच्या डब्याचा प्रकार झाला. मी दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीत. तुम्ही स्टेशनवरून घरी आलात आणि मी म्हटलं, "समोरच्या म्हाताऱ्याचा डबा आज बाहेर आला नाही. गाडी घरीच आहे. दिवा कालपासून लागलेला आहे." वंदू म्हणाली, "आई, लोकांच्या घरात बघत जाऊ नकोस गं, इथे ते चालत नाही." तुम्ही मात्र बूटसुद्धा न काढता समोर गेलात. म्हातारा बाथरूममध्ये पडलेला होता. वाचला.

त्या रविवारी तुम्ही माझ्यासमोर खुर्ची ओढून बसलात.

"आई, तू माझी स्काउट हो."

"म्हणजे काय?"

"लढायचं नाही. कोणाला मारायचं नाही, तुला कोणी मारणार नाही. दुसऱ्या साइडचे लोक कुठे लपलेत ते बघायचं आणि मला येऊन सांगायचं."

"ते तर मी इथे बसून करतेच."

"एक्झॅक्टली!"

वंदू ओरडली, "समीर, आर यू क्रेझी? तिचं वय बघ, गुडघे बघ!"

"माझे गुडघे तुझ्यापेक्षा बरे आहेत," मी म्हटलं. "दोन जिने चढलीस तर धापा टाकतेस."

"अगं, पण तूच तर तमाशा म्हणत होतीस ना?"

म्हणत होते. पण आजवर मला कुणी 'तू हे कर, तुला हे येतं' असं म्हटलं नव्हतं. भाकरी सोडून. लहानपणी जोंधळ्याच्या दिवसांत माळ्यावर बसून मी पाखरं राखली. शाळा सुटली ती त्यापायीच. पाखरांचा थवा कुठल्या बांधावरून उठला आणि कुठे उतरणार, हे मला लांबून कळायचं. ते सांगितल्यावर तुमचे डोळे चमकले. मी विचारलं, "मग गोफण घेऊ का बरोबर?"

"नो वेपन्स, आई!"

तुम्ही मला पार्कात नेऊन शिकवलंत. पोरं फुटबॉल खेळत असायची. मला दोन मिनिटं बघू द्यायचं, मग माझी पाठ फिरवायची आणि विचारायचं. किती? कुठे? तोंड कुणीकडे? मी म्हटलं, "दहा-बाराजण असावेत असं वाटतं," तर तुम्ही म्हणायचात, "वाटलं ते नको, आई. दिसलं ते सांग." लढाईतले कपडे जुन्या काळचे हवेत. नऊवारी चालेल का म्हणून तुम्ही खेळवणाऱ्या लोकांना विचारून आलात. चालली. खाली कॅनव्हासचे बूट, डोक्यावर कापड शिवलेलं हेल्मेट आणि खांद्यावरून पिवळा पट्टा. पिवळा पट्टा दिसला की त्या माणसावर वार करायचा नाही. पण समोरच्या बाजूचा कुणी दहा पावलांच्या आत आला आणि "स्काउट, यू आर टेकन" म्हणाला, की खेळ संपला. म्हणायचं, "आय ॲम टेकन," आणि खेळात मेलेल्या लोकांबरोबर ओकच्या झाडाखाली जाऊन बसायचं. लढाई संपल्याचं शिंग वाजेपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही.

"आणि कुणी बघितलं नसेल तर?" मी विचारलं.

"तरी जायचं. ज्याला तलवार लागली, तोच सांगतो मला लागली म्हणून. अंपायर नाही."

"मग कोण कशाला सांगेल?"

"सगळे सांगतात."

"खोटं आहे."

"आई, दॅट्स द होल गेम."

"आमच्या गावात हा तुमचा गेम एक दिवस चालला नसता."

हा वाद आपण गाडीत घातला, जेवताना घातला, पार्कात घातला. मी म्हणायचे, जग असं चालत नाही. तुम्ही म्हणायचात, जगाचं माहीत नाही, शनिवारी तरी चालतं.

स्काउटची परीक्षा घ्यायला पांढऱ्या वेणीची एक बाई होती. ती इंग्रजीत विचारणार, मी इंग्रजीत उत्तर द्यायचं, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. पकडलं गेल्यावर काय म्हणशील? मी म्हटलं, "आय ॲम टेकन. आय गो टू द ट्री." तिनं तुमच्याकडे बघितलं. हिला खरंच समजतं ना, असं ते बघणं. तुम्ही म्हणालात, "शी अंडरस्टँड्स एव्हरीथिंग. आय विल स्टँड फॉर हर." म्हणजे हिची हमी माझी.

आता माझी सवय सांगते. मला इंग्रजी बोलायला फारसं येत नाही, पण कळतं बरंच. तरी दारावर काही विकायला कुणी आलं की मी म्हणते, "नो इंग्लिश." रस्ता भलतीकडून ओलांडला म्हणून पोलिसानं अडवलं, "नो इंग्लिश." विमानतळावर बॅगेत कढीपत्त्याचं रोप सापडलं तेव्हा तर डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. अडाणी म्हातारी दिसली की माणसं सोडून देतात. हे मी इथे शिकले नाही. गावातल्या रांगेत, कचेरीत, दवाखान्यात, जन्मभर असंच केलं. जे शिकू दिलं नाही, त्याचा तेवढा तरी उपयोग. कढीपत्त्याची गोष्ट मी जेवणाच्या टेबलावर सांगितली तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही हसला होतात.

सप्टेंबरातली ती लढाई. तुम्ही निळ्यांचे पुढारी. निळे बरीच वर्षं लाल लोकांकडून हरत आलेले. गुडघे दुखतात म्हणून पुढारी म्हणून तुमचं हे शेवटचं वर्ष. जो जिंकेल त्याच्याकडे एक जुनं कापडी निशाण वर्षभर राहतं. त्या निशाणाबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत, पण त्या सकाळी तुम्ही चहा तसाच ठेवून निघालात. मी बघितलं होतं.

मका डोक्यापेक्षा उंच होता. मी त्याच्या कडेकडेनं ओढ्याकडे उतरले. लाल लोक कुठेच दिसेनात. तेवढ्यात झुडपामागून त्यांचा पुढारी टॉड उभा राहिला. लाल दाढी, दाराएवढा माणूस. एरवी तो दातांचा डॉक्टर. सहा पावलांवर होता. कमरेत वाकून म्हणाला, "स्काउट, यू आर टेकन, माय लेडी."

मला सगळं कळलं. एकेक शब्द कळला. पार्कात तुम्ही मला पहिलं वाक्य तेच शिकवलं होतं.

मी कानाला हात लावला. डोळे बारीक केले. "नो इंग्लिश," म्हटलं. आणि रडवेल्या आवाजात, "सन-इन-लॉ? सन-इन-लॉ?"

त्याचा चेहरा बदलला. त्यानं टोप काढला. स्वतःची पाण्याची बाटली मला दिली. "आर यू लॉस्ट, मॅम?" माझा दंड धरून त्यानं मला ओढ्याच्या काठानं नेलं. वाटेत त्याचे लोक दबा धरून बसलेले. तो त्यांना सांगत गेला, "इट्स ओके, शी इज जस्ट लॉस्ट." वरच्या पायवाटेवर मला सोडलं, तुमच्या बाजूला बोट दाखवलं आणि हात हलवला. मी पाणी पीत पीत सगळी डोकी मोजली होती.

तुमच्यासमोर उभी राहिले तेव्हा धाप लागली होती. "बावीस. ओढ्याच्या खोलगट भागात. तोंड झाडाकडे, पाठ मक्याकडे."

"शुअर?"

"दिसलं ते सांगतेय."

तुम्ही मक्यातून गेलात आणि पाठीमागून त्यांच्यावर तुटून पडलात. लगेच संपलं. मी वरून बघत होते. टॉड शेवटपर्यंत उभा होता. त्या धांदलीत तुमची तलवार त्याच्या खांद्याला नुसती चाटून गेली. तुम्हाला कळलंसुद्धा नाही, तुमचं तोंड दुसरीकडे होतं. त्यानं हात वर केला, "गुड" म्हणाला आणि खाली बसला. कुणी बघितलं नव्हतं. मी बघितलं. तेव्हाच खाली जाऊन बोलायला हवं होतं. मी टाळ्या वाजवत होते.

संध्याकाळी मांडवात तुम्ही मला पुढे बोलावलंत आणि माझ्या मनगटाला निळी दोरी बांधलीत. सगळ्यांना सांगितलंत, माझ्या सासूचे डोळे इलिनॉयमध्ये सगळ्यांत तेज आहेत. लोक ओरडायला लागले, बोला, बोला. मला इतकं चढलं होतं की मी ठणठणीत आवाजात म्हटलं, "थँक यू. आय सी एव्हरीथिंग. आय अंडरस्टँड एव्हरीथिंग." काय हशा पिकला. टॉड पहिल्या रांगेत होता. त्यानं दोन टाळ्या वाजवल्या आणि त्याचे हात थांबले.

गाडीत तुम्ही विचारलंत, "आई, टॉड म्हणाला तू हरवली होतीस."

"हो."

"त्यानं तुला टेकन नाही म्हटलं?"

"काय म्हणाला कुणास ठाऊक. मला मेलीला कुठे कळतंय इंग्रजी."

तुम्ही रस्त्यावरची नजर न काढता म्हणालात, "ओके, आई." त्या दिवसानंतर कढीपत्त्याच्या गोष्टीला तुम्ही कधी हसला नाहीत. वंदूनं पाहुण्यांना ती सांगितली, तर तुम्ही उठून पाणी आणायला गेलात.

सगळा हिवाळा पिवळा पट्टा दाराशी, बुटांच्या वरच्या खुंटीला लटकत होता. वंदू म्हणाली, धुऊन ठेवून देते. तुम्ही म्हणालात, "राहू दे, आईचा आहे." मला वाटलं, तुम्ही विसरलात सगळं. विसरणारा माणूस पट्टा रोज जाता-येता दिसेल असा ठेवत नाही, एवढंही मला दिसलं नाही. आणि म्हणे तेज डोळे.

डिसेंबरात एकदा मी भाकऱ्या थापत होते. बाहेर बर्फ, वंदू अजून यायची होती. तुम्ही ओट्याला टेकून उभे राहिलात. "आई, तुला मला काही सांगायचंय?"

तव्यावरची भाकरी फुगली होती. मी म्हटलं, "बसा, गार होतेय."

तुम्ही बसलात. दोन भाकऱ्या खाल्ल्यात. चांगली झालीय म्हणालात.

एप्रिलात एका सकाळी तुम्ही शिकागोच्या गाडीची वाट बघत प्लॅटफॉर्मवर उभे होतात आणि तिथेच पडलात. तुमच्या फोनवरून घरी फोन आला. मी उचलला. कुणी बाई होती, सावकाश, नीट बोलत होती. कोसळले, अँब्युलन्स, लवकर या. सगळं कळलं मला. आणि मी म्हटलं, "नो इंग्लिश." असं म्हटलं की माणसं परत जातात. ती गेली नाही. तिनं तेच पुन्हा सांगितलं.

तुम्ही गेल्यावर दहाव्या दिवशी टॉड घरी आला. हातात ते निशाण, घडी घातलेलं. मला वाटलं, आपल्या घरातलंच वंदूनं कुठून तरी काढून त्याच्या हाती दिलं. मग लक्षात आलं, हिवाळाभर ते आपल्या घरात मला दिसलंच नव्हतं. वंदूशी तो बोलला, ते मी सोफ्यावर बसून ऐकलं. लढाईनंतरच्याच आठवड्यात तुम्ही त्याच्या दवाखान्यात जाऊन निशाण परत दिलं होतंत. म्हणाला होतात, माझी स्काउट पकडली गेली होती. चूक माझी, मी तिला नीट शिकवलं नाही. सगळ्या निळ्यांनाही तेच लिहून कळवलं होतंत. टॉडला आता वाटत होतं, की ते निशाण तुमच्या घरी असावं.

म्हणजे सात महिने त्या मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि सगळ्यांनी मला माफ केलं होतं, बिचारी अडाणी बाई, तिला नियम कळला नाही म्हणून. ज्या माणसानं मला अडाणी मानलं नाही, त्यालाच मला वाचवायला मला अडाणी म्हणावं लागलं. आणि न शिकवल्याचा ठपका त्यानं स्वतःवर घेतला. तुम्ही मला वाक्य न् वाक्य शिकवलं होतंत, समीरराव. पोरांना पाठ फिरवून मोजायला शिकवलंत.

जाताना टॉड माझ्यासमोर थांबला. "यू अंडरस्टँड मी, डोन्ट यू?"

"यस," मी म्हटलं. एवढंच. पुढचं तेव्हाही निघालं नाही. निशाण मात्र मी त्याच्या हातात परत दिलं. वंदूला वाटलं, मी दुःखानं असं वागतेय.

गेल्या शनिवारी वर्षातली पहिली लढाई होती. वंदूला म्हटलं, मला घेऊन चल. तिनं कारण विचारलं नाही. मी नऊवारी नेसले, पट्टा खुंटीवरून काढला. लढाईच्या आधी तुमच्या आठवणीसाठी सगळे गोल करून उभे राहिले. एकेकजण बोलला. तुम्ही किती सरळ माणूस होतात, सगळ्यांना कसं शिकवत होतात. एका निळ्या पोरीनं माझ्याकडे बघून मायेनं मान हलवली. तशी मान मी जन्मभर लोकांकडून हलवून घेतली. त्या दिवशी सहन झाली नाही.

मी पुढे गेले. रात्रभर घोकलेलं वाक्य तिथे आठवलं नाही, जे आलं ते बोलले. "आय वॉज टेकन. ॲट द क्रीक. आय अंडरस्टुड. समीर टीच मी गुड. आय लाय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी जवळ येऊन पाठीवर हात ठेवला नाही, हे बरं केलं. वंदूचं तोंड उघडंच राहिलं होतं. पांढऱ्या वेणीची ती परीक्षावाली बाई पुढे आली. मग साध्या आवाजात, कुठल्याही स्काउटला सांगावं तसं म्हणाली, "देन गो टू द ट्री."

गेले. ओकखाली एकटीच बसले, कारण लढाई सुरू व्हायची होती आणि बाकी कुणी अजून मेलं नव्हतं. मग एकेक यायला लागले. टॉड लवकरच आला, घामानं थबथबलेला. माझ्या शेजारी बसला, स्वतः पाणी प्यायला आणि बाटली माझ्यापुढे धरली.

मका अजून गुडघ्याएवढाच आहे, त्यामुळे त्या झाडाखालून सगळं शेत उघडं दिसतं. सवयीनं मोजलं. निळे अकरा उरलेले, मक्याच्या कडेला, तोंड ओढ्याकडे. पुढारी कुणीतरी नवीन आहे, तो फार मागे उभा राहतो. लाल चौदा, डावीकडच्या झुडपांत, आणि ते निळ्यांना दिसत नव्हते. मला दिसत होते. निळ्यांतला एकजण पाणी प्यायला झाडाजवळ आला, अगदी हाकेच्या अंतरावर.

मी त्याला काही सांगितलं नाही. शिंग अजून वाजलं नव्हतं.